चकचकीत फर्निचरवरचा स्टिकरचा चिकटा पॉलिश न बिघडवता कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की कपाटाच्या हाय-ग्लॉस दारावरचं स्टिकर ओढलं, कागद निघाला पण गोंद तसाच राहिला, ओल्या फडक्याने पुसल्यावर तो आणखी पसरला आणि आता थिनर लावू का. थिनर नको. गोंद त्याने जाईल हो, पण चकाकीही सोबत जाऊ शकते.

आधी दार कशाचं आहे ते बघा, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. दाराच्या कडेने निरखून पाहिल्यावर वर काचेसारखा पारदर्शक थर दिसत असेल तर ते ॲक्रिलिक. चकचकीत लॅमिनेट असेल तर ते रसायनांना बऱ्यापैकी दाद देत नाही, पण ओरखडे मात्र लगेच धरतं. पूर्ण वाळलेलं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशही दणकट. सगळ्यात नाजूक म्हणजे ड्युको (स्प्रेने मारलेला नायट्रोसेल्युलोजचा रंग) आणि फ्रेंच पॉलिश. ड्युको कितीही वर्षांचं असो, थिनर लागला की पुन्हा मऊ पडतं. फ्रेंच पॉलिश लाखेचं असतं, म्हणून स्पिरिटने विरघळतं. काहीही लावण्याआधी चाचणी घ्या, पण दाराच्या आतल्या बाजूला नको. आतली बाजू बऱ्याचदा साध्या लॅमिनेटची असते, तिथे काही झालं नाही म्हणजे दर्शनी बाजूलाही होणार नाही असं नाही. दर्शनी बाजूचाच खालचा कोपरा घ्या, इअरबडने थेंबभर लावा, मिनिटभराने पुसा. बोट चिकटलं, रंग इअरबडला लागला किंवा तेवढी जागा मंद दिसली, तर ते द्रव्य बाद.

स्टिकरचा गोंद पूर्ण वाळून कडक होत नाही, तो चिकट राहावा असाच बनवलेला असतो. पाणी त्यात शिरत नाही, म्हणून ओल्या फडक्याने तो नुसता सरकतो. तेल मात्र शिरतं आणि त्याची पकड सोडवतं. फक्त त्याला वेळ लागतो, आणि नेमका तोच कोणी देत नाही.

अर्धा लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून, त्यात पिळलेल्या मायक्रोफायबरने भोवतालची धूळ आधी काढा. ओरखडे गोंदाने पडत नाहीत, त्यात अडकलेल्या धुळीच्या कणांनी पडतात. जागा कोरडी झाली की स्वच्छ सेलोटेपचा तुकडा गोंदावर दाबायचा आणि झटक्यात ओढायचा. ताजा गोंद असेल तर बराचसा टेपवरच येतो. आठ-दहा वेळा करा, दर वेळी नवा तुकडा.

उरलेल्यासाठी खोबरेल किंवा स्वयंपाकातलं कुठलंही पातळ तेल. दार उभं असल्यामुळे तेल ओघळतं, म्हणून टिश्यू पेपरची घडी तेलात भिजवून डागावर लावा आणि वरून प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवा. ताज्या गोंदाला पंधरा-वीस मिनिटं, जुन्या पिवळ्या पडलेल्याला एक-दोन तास. तेल कडेच्या पट्टीच्या फटीत जाऊ देऊ नका. आतला एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) ते पितो आणि डाग कायमचा राहतो. गोंद फुगून पांढुरका झाला की अंगठ्याच्या पेराने बाहेरून मध्याकडे गोळा करत आणा, त्याच्या सुरळ्या होतात. जिथे अंगठा चालत नाही तिथे जुन्या प्लॅस्टिक कार्डावर सुती कापड गुंडाळून ते आडवं धरून सरकवा. नख नको, ब्लेड तर नकोच. शेवटी तेल घालवायला पुन्हा साबणपाणी, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं.

गोंद खरंच गेला का हे बघायला त्या जागेवर तोंडाची वाफ सोडा. उरलेला थर असेल तर तेवढीच जागा वेगळी धुरकट दिसते.

अगदी जुन्या गोंदाला आधी हेअर ड्रायरची ऊब द्यावी लागते: कमी उष्णता, वीतभर अंतर, हात हलता, वीस-तीस सेकंद. तळहात आरामात टेकवता यावा इतकंच गरम. फ्रेंच पॉलिश आणि पीव्हीसी फॉइल (प्लॅस्टिकचा पातळ थर) चढवलेल्या दारांना मात्र ही ऊबही नको. एकाचं पॉलिश मऊ पडतं, दुसऱ्याची फॉइल सुटते.

आयसोप्रोपिल अल्कोहोल फक्त लॅमिनेट आणि पीयूवर, तेही फडक्याला लावून, पाच-दहा सेकंदांत पुसून टाकायचं. ॲक्रिलिकवर अजिबात नाही. त्यात केसासारख्या बारीक तडा जातात, आणि त्या लगेच दिसतीलच असं नाही. काच पुसायच्या स्प्रेमध्येही बहुधा अल्कोहोल किंवा अमोनिया असतो, म्हणून ॲक्रिलिकवर तोही नको. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे बहुतेक वेळा ॲसिटोन. ॲक्रिलिक आणि ड्युको दोन्हींचा शत्रू.

तेलात खाण्याचा सोडा कालवून घासायचा उपाय सगळीकडे फिरतो. काचेच्या बरणीला ठीक, ग्लॉसला नाही. टूथपेस्ट आणि पांढरा मॅजिक स्पंज यांचंही तेच: दोन्ही बारीक सँडपेपरसारखं काम करतात. समोरून काही दिसत नाही, तिरका उजेड पडला की धुरकट चट्टा दिसतो.

हुकाची जाड फोम टेप असेल तर ती ओढू नका. डेंटल फ्लॉस टेप आणि दार यांच्या मधे घालून करवतीसारखा मागेपुढे ओढा, मग उरलेल्या फोमला तेल.

सगळं करूनही स्टिकरच्या आकाराची खूण दिसत असेल, हाताला गुळगुळीत लागत असेल आणि वाफेतही काही दिसत नसेल, तर तो गोंद नाही. उन्हाने आजूबाजूचा रंग बदललाय आणि स्टिकरखालचा मूळचा राहिलाय. त्याला घासणं हा उपाय नाही. घासून आधीच मंद झालेली जागा ॲक्रिलिकवर प्लॅस्टिक पॉलिशने बरीच सुधारते, पीयूवर गाडीच्या बारीक पॉलिशने. लॅमिनेटची चकाकी मात्र वरच्या अगदी पातळ थरातच असते, ती एकदा गेली की परत येत नाही.