वाचकांचे प्रश्न: ‘पिंजर’ आणि हरळी

प्रश्न: अमृता प्रीतम यांची ‘पिंजर’ ही पंजाबी कादंबरी अनुवादात वाचते आहे. शीर्षकाचा अर्थ पिंजराच ना? शिवाय नात्यांचा गुंता सुटत नाही. (सातारा)

उत्तर: पंजाबीत पिंजर म्हणजे हाडांचा सापळा. मराठी वाचकाला आधी कुंकवाची पिंजर आठवते, मग पिंजरा. दोन्ही अर्थ बाजूला ठेवा. पिंजरा समजून वाचलं, की रशीदा या मुसलमान तरुणाने पळवलेली हिंदू नायिका पुरो कधी सुटते याचीच वाट बघत राहतो आणि शेवट पटत नाही. या कादंबरीत सापळा उरलेल्या बाया एकीमागून एक येतात. त्यांत एक वेडी आहे. गावोगाव उघडी फिरणाऱ्या त्या बाईलाही कुणीतरी गरोदर करतं. ती बाळंतपणात मरते, तेव्हा तिचं पोर पुरो अंगावर पाजते. पुढे गावातले हिंदू ते पोर आपल्या धर्माचं म्हणून तिच्याकडून घेऊन जातात आणि मरायला टेकल्यावर परत आणून देतात. घाईत वाचणारे हे प्रकरण ओलांडून जातात. ते दोनदा वाचा, पुरोचा पुढचा सगळा निर्णय त्यात आहे.

नात्यांचं म्हणाल, तर हे साटंलोटं आहे. पुरो रामचंदला द्यायची आणि रामचंदची बहीण लाजो पुरोच्या भावाला करायची, असा बेत. पुरोला रशीदा पळवतो तो जुन्या वैरापायी. तिच्या घराण्यातल्या पुरुषाने त्याच्या आत्याला तीन रात्री घरात ठेवलं होतं. पुरो एका रात्री निसटून माहेरी येते, पण आईबाप दार बंद करतात. मग रशीदाशी निकाह होऊन तिची हमीदा होते आणि ते नाव हातावर गोंदलं जातं. हे सारं फाळणीच्या बरीच वर्षं आधीचं, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

प्रश्न: पळवलेल्या स्त्रिया सरकारने शोधून परत आणल्या होत्या. मग पुरो का येत नाही? (नाशिक)

उत्तर: डिसेंबर १९४७ मध्ये दोन्ही देशांनी या शोधाचा करार केला आणि भारताने १९४९ मध्ये त्यासाठी कायदा केला. १ मार्च १९४७ नंतर झालेली जबरीची धर्मांतरं आणि लग्नं कायदेशीर धरायची नाहीत, असं ठरलं. सरकारी अंदाज असा होता, की भारतात सुमारे ५०,००० मुसलमान स्त्रिया आणि पाकिस्तानात ३३,००० हिंदू-शीख स्त्रिया अडकल्या आहेत. वाद असेल तिथे निवाडा न्यायाधिकरण करी. त्या बाईला काय हवं, हे विचारण्याची सक्ती कायद्यात नव्हती. आमच्या मते ही त्या कायद्यातली सर्वांत मोठी उणीव होती.

लाजो १९४७ मध्ये पळवली जाते, म्हणजे ती या तारखेत बसते. पुरो बसत नाही. तरी लाहोरला लाजोला आपल्या भावाच्या हवाली करताना पुरोलाही परतायची वाट मोकळी असते. ती मागे राहते. तो नकार तिचा स्वतःचा आहे आणि १९५० मध्ये आलेल्या कादंबरीत तो लिहिणं फार मोठं होतं.

प्रश्न: यानंतर काय वाचू? मंटो, बेदी चालतील? (पुणे)

उत्तर: जरूर वाचा, पण सआदत हसन मंटो आणि राजिंदर सिंग बेदी हे उर्दूचे लेखक. पंजाबीतच राहायचं तर कुलवंत सिंग विर्क यांची ‘खब्बल’ ही छोटी कथा घ्या. खब्बल म्हणजे आपली हरळी. शेतकऱ्याला सांगायला नको, नांगराने ती मरत नाही. तुटलेल्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं आणि एकाच्या दहा जागी ती उगवते. म्हणून अनुवादात नुसतं ‘गवत’ आलं असेल, तर कथेचा कणाच गेला.

कथा सांगणारा पाकिस्तानात पळवलेल्या स्त्रियांचा शोध घेणारा भारतीय अधिकारी आहे. एका घरात त्याला तापाने फणफणलेली बाई भेटते. सगळं गोत गेलेलं, ज्याने आणली त्याच्याच घरात ती पडून आहे. ‘मला इथून ने’ असं ती म्हणेल, ही आपली अपेक्षा. ती मागते ते वेगळंच. धाकटी नणंद हरवली आहे, तिला शोधून माझ्याकडे आण, मी तिचं इथेच कुणाशी लग्न लावून देईन, म्हणजे मला माझं म्हणायला कुणीतरी होईल.