सीमाभागाचा इतिहास कोणत्या दप्तरात शोधावा?

प्रश्न : मी इतिहास विषयात एम.ए. करीत आहे. आमच्या घरी मराठी आणि आजोळी कन्नड बोलतात. सीमाप्रदेशाचे अभ्यासक म्हणून अमेरिकन इतिहासकार प्राध्यापक हर्बर्ट बोल्टन यांचा उल्लेख एका व्याख्यानात ऐकला. त्यांनी संशोधन कसे केले आणि आमच्या भागासाठी त्याचा उपयोग होईल का?
– एक विद्यार्थिनी, जत (जि. सांगली)

उत्तर : बोल्टन यांची वाटचाल तुम्हांला धीर देईल, कारण सीमाप्रदेश हा त्यांचा मूळ विषयच नव्हता. १९०१मध्ये ते टेक्सास विद्यापीठात रुजू झाले, ते मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकवण्यासाठी. परंतु टेक्सास पूर्वी स्पेनच्या आणि नंतर मेक्सिकोच्या अमलाखाली असल्यामुळे तेथील जुने कागद सीमेपलीकडे आहेत, हे ध्यानात येताच त्यांनी स्पॅनिश भाषा आत्मसात केली आणि १९०२च्या सुट्टीत मेक्सिको सिटीतील दप्तरखाना गाठला. पुढे अनेक वर्षे खपून त्यांनी मेक्सिकोतील दप्तरांची मार्गदर्शिका तयार केली, ती १९१३मध्ये प्रसिद्ध झाली. माझ्या मते त्यांचे हेच काम सर्वांत मोलाचे आहे. १९११पासून ते कॅलिफोर्नियातील बर्कली येथे शिकवू लागले, आणि १९३२मध्ये अमेरिकन इतिहासकारांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून भाषण करताना दोन्ही अमेरिका खंडांचा इतिहास एकत्र अभ्यासावा, असा आग्रह त्यांनी धरला. मात्र त्यांची बरीच साधने मिशनऱ्यांनी लिहिलेली असल्याने मूळ रहिवाशांचे म्हणणे त्यांच्या लेखनात फारसे उमटत नाही, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

आता आपल्याकडे पाहू. पटवर्धनांच्या सांगली संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. तेरदाळ आणि शिरहट्टी आज कर्नाटकात आहेत, तर मंगळवेढे सोलापूर जिल्ह्यात. १९४८मध्ये संस्थाने विलीन झाली आणि १९५६च्या राज्यपुनर्रचनेने या मुलखातून राज्याची सीमा गेली. परंतु बाजार, सोयरिकी आणि देवस्थाने त्या रेषेवर थांबली नाहीत. म्हणून केवळ महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरील १९६७च्या महाजन अहवालापासून सुरुवात केली, तर हाती वाद लागेल, माणसे लागणार नाहीत. तुम्हांला दोन्ही भाषा कानावरून येतात, ही मोठीच जमेची बाजू आहे. त्याला मोडी वाचनाची आणि कन्नड लिपीची जोड द्या, आणि एकच गाव निवडून त्याचे जमिनीचे व वतनाचे कागद दोन्ही राज्यांत शोधायला लागा. मिशनऱ्यांच्या कागदांत जे राहून गेले, ते इथे राहू नये यासाठी गावातील वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच भाषेत टिपून ठेवा. हे काम कागदांच्या आधी करा, कारण दप्तरे थांबतील.