आयर्लंडहून अमेरिकेला गेलेल्या पूर्वजांचं मूळ गाव कसं शोधायचं?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: पत्नी अमेरिकन, तिचे आईकडचे पणजोबा सलिव्हन, १८८० च्या सुमारास कॉर्क काउंटीतून बॉस्टनला आले, पुढचं सगळं आयुष्य मॅसॅच्युसेट्समध्ये गेलं. कोणत्या गावचे ते घरात कुणालाच माहीत नाही. आयर्लंडच्या संकेतस्थळांवर नाव टाकलं की ढिगाने सलिव्हन निघतात. शिवाय जाता जाता तुम्ही विचारलंय की यावर बायकोला आयरिश पासपोर्ट मिळेल का.

मी यातली व्यावसायिक नाही. लेक आयरिश-अमेरिकन घरात दिली आणि विहीणबाईंनी मला या नादाला लावलं. त्यांचं माहेर मूळ केरी काउंटीतलं, म्हणजे तुमच्या कॉर्कच्या शेजारचं, आणि तिथेही सलिव्हनांचीच गर्दी. त्यामुळे तुमची अडचण चांगली ओळखीची आहे.

आधी एक करा. आयर्लंडच्या नोंदी सध्या मिटून ठेवा. पणजोबांचं गाव सापडलं तर ते बहुतेक मॅसॅच्युसेट्समधल्याच कुठल्यातरी कागदावर सापडेल, आणि तो कागद बहुधा त्यांचा स्वतःचा नसेल. बहिणीचा, भावाचा, नाहीतर भाचीचा असेल.

असं का, ते सांगते. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे गेलं की ते आधी गाव आणि आडनाव विचारतात, मग कोणती वही काढायची ते ठरतं. आयरिश नोंदींचंही तसंच आहे, सगळी मांडणी जागेवरून. आणि जागा म्हणजे काउंटी नव्हे. काउंटीच्या पोटात बॅरनी, तिच्यात पॅरिश (मुळात एका चर्चची हद्द), पॅरिशमध्ये टाउनलँड. टाउनलँड म्हणजे आपल्याकडच्या वाडीएवढा जमिनीचा तुकडा, कधी दहा-बारा घरांचा, कधी दोनच. सबंध बेटावर अशी साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत आणि एकाच नावाची कितीतरी. त्यात कॅथलिक पॅरिशच्या सीमा सरकारी पॅरिशशी जुळत नाहीत. कॉर्क ही सगळ्यांत मोठी काउंटी, आणि सलिव्हन हे कॉर्क-केरीतलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. त्यामुळे 'कॉर्कचे सलिव्हन' एवढ्या माहितीवर कुणीच तुम्हाला गाव सांगू शकणार नाही, पैसे घेऊन शोधून देणारेसुद्धा.

नुसत्या नावावर विसंबलं की काय होतं याचं नामांकित उदाहरण ॲनी मूर. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड, म्हणजे बाहेरून आलेल्यांना तपासून आत घ्यायचं केंद्र, सुरू झालं तेव्हा तिथे नोंद झालेली पहिली प्रवासी म्हणजे ही कॉर्कची मुलगी, दोन धाकट्या भावांना घेऊन आलेली. पुढे वर्षानुवर्षं लोक समजत होते की ती टेक्सासला गेली आणि तिथेच वारली. टेक्सासवालीचे वंशज एलिस आयलंडच्या समारंभांनाही जायचे. मेगन स्मोलेन्याक या संशोधिकेने कागद तपासले तेव्हा टेक्सासची ॲनी मूर अमेरिकेतच, इलिनॉयमध्ये जन्मलेली निघाली. २००६ मध्ये खरी सापडली. ती न्यूयॉर्क सोडून कुठे गेलीच नव्हती. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये संसार केला, १९२४ मध्ये वारली, आणि क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या कबरीवर साधा दगडही नव्हता. इतक्या प्रसिद्ध मुलीच्या बाबतीत हा घोटाळा, तर सलिव्हनांचं काय! इंटरनेटवर कुणीतरी तयार करून ठेवलेली वंशवेल सापडली तर तिच्यावर कागद बघितल्याशिवाय अजिबात विश्वास ठेवू नका.

आता मॅसॅच्युसेट्सकडे वळू. या राज्यात जन्म-मृत्यू-विवाहाची नोंद १८४१ पासून आहे, आणि बराचसा भाग फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. पणजोबांची लग्नाची आणि मृत्यूची नोंद काढा. जन्मस्थळ म्हणून नुसतं 'आयर्लंड' लिहिलेलं असेल, त्याने निराश होऊ नका. तुम्हाला तिथून हवंय ते आईवडिलांचं नाव, आणि विशेष करून आईचं माहेरचं आडनाव. सलिव्हन हजारो असतील, पण ज्याची आई माहेरची अमुक आणि बाप तमुक, असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरतात. मग चर्चची लग्ननोंद बघा. सरकारी वहीत जे नसतं ते पाद्रीबाबांनी कधी कधी लिहिलेलं असतं, अगदी आयर्लंडमधल्या पॅरिशपर्यंत. बॉस्टनच्या कॅथलिक धर्मप्रांताच्या जुन्या वह्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटीने डिजिटल केल्या आहेत. लग्नाचे साक्षीदार आणि मुलांच्या बाप्तिस्म्याचे गॉडपेरंट (मानलेले धर्म-आईबाप) कोण आहेत ते लिहून ठेवा; हे लोक बहुतेक गावाकडचे किंवा नात्यातले असायचे.

जहाजाच्या याद्यांमागे मात्र लोक उगाच दिवस घालवतात. १८८० च्या यादीत नाव, वय, 'मजूर', 'आयर्लंड' एवढंच मिळतं. नागरिकत्वाच्या कागदांचंही तसंच, सप्टेंबर १९०६ च्या आधी त्यात गाव सहसा नसतं. पण १९०६-०७ नंतर दोन्ही कागद एकदम बोलके होतात. जन्माचं ठिकाण येतं, जहाजाच्या यादीत मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता येतो आणि अमेरिकेत कुणाकडे उतरणार तेही येतं. तेव्हा पणजोबा १८८० ला आले असले तरी त्यांची एखादी भाची किंवा पुतण्या १९१० मध्ये 'मामाकडे' किंवा 'काकाकडे' आला असेल. पणजोबांचा बॉस्टनचा पत्ता शिरगणतीत आणि शहराच्या जुन्या डिरेक्टरीत मिळतो. तोच पत्ता यादीत दिसला की समजा गाव हाती आलं. आमच्या विहीणबाईंच्या घराण्याचं टाउनलँड असंच मिळालं, त्यांच्या आजोबांच्या भाचीच्या यादीतून. आजोबांच्या स्वतःच्या एकाही कागदावर ते नव्हतं.

माणसं एकेकटी जात नसत, हे लक्षात ठेवलं की खूप सोपं होतं. पहिला पोचला की तिकिटाचे पैसे पाठवून पुढच्याला बोलवायचा, आणि एका गावची माणसं एका गल्लीत गोळा व्हायची. केरीच्या ब्लास्केट बेटांवरचे लोक मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला गेले. पश्चिम कॉर्कच्या बिएरा द्वीपकल्पात ॲलिहीजला तांब्याच्या खाणी होत्या. त्या मंदावल्यावर तिथले खाणकामगार थेट मोंटानातल्या ब्यूटच्या तांब्याच्या खाणींवर पोचले, आणि त्यांत सलिव्हन भरपूर होते. तुमच्या पणजोबांचा एखादा भाऊ ब्यूटला असल्याचं कळलं तर बिएराकडे बघायला लागा.

बॉस्टनच्या 'पायलट' या कॅथलिक वर्तमानपत्रात १८३१ ते १९२१ पर्यंत हरवलेल्या माणसांच्या शोधाच्या जाहिराती यायच्या. अमुक टाउनलँडचा, अमुक पॅरिशचा माझा भाऊ, अमक्या जहाजाने आला, शेवटचं पत्र अमक्या गावाहून, कुणाला ठाऊक असल्यास कळवावे, अशा धर्तीवर. त्या वाचून पोटात कालवतं. बॉस्टन कॉलेजने त्यांचा शोधता येईल असा संग्रह केला आहे, जाहिराती चाळीस हजारांच्या आसपास. बहुतेक तुमच्या पणजोबांच्या आधीच्या काळातल्या आहेत, पण त्यांच्या आधी आलेला एखादा काका त्यात सापडू शकतो. कबरीचे दगडही बघा. जुन्या आयरिश लोकांनी कबरीवर काउंटी आणि पॅरिश कोरून ठेवायची पद्धत होती. सासरी जुनी प्रार्थनापुस्तकं असतील तर त्यांत ठेवलेली मृतांच्या स्मरणार्थ छापलेली कार्डं चाळा.

घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल दोन शब्द. 'बटाट्याच्या दुष्काळात पळून आले' हे जवळजवळ प्रत्येक आयरिश घरात ऐकू येतं. मोठा दुष्काळ १८४५ ते १८५२ चा. तेव्हा सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. तुमचे पणजोबा त्यानंतर एका पिढीने निघाले. मात्र १८७९ मध्येही पश्चिमेकडे पीक बुडालं होतं आणि जमीनदारांविरुद्धचं आंदोलन पेटलं होतं, त्यामुळे ती गोष्ट अगदीच हवेतली नसेल. दुसरी गोष्ट, 'एलिस आयलंडवर कारकुनाने आडनाव बदललं.' ही सोडून द्या. तिथले कारकून जहाजावरून आलेल्या यादीवर खुणा करायचे, आणि तुमचे पणजोबा आले तेव्हा एलिस आयलंडच नव्हतं. आडनावातला 'ओ' लोक आपणच टाकायचे आणि आपणच परत लावायचे. म्हणून सलिव्हन आणि ओ'सलिव्हन दोन्ही शोधा. वयावर तर भरवसाच नको, पाच-सात वर्षं इकडे-तिकडे सहज.

टाउनलँड किंवा निदान पॅरिश हाती आली, की मग आयर्लंड. 'तिकडचं सगळं जळालं' असं तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. ते निम्मंच खरं आहे. जून १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार उद्ध्वस्त झालं, त्यात १८२१ ते १८५१ च्या शिरगणत्यांची बहुतेक पानं गेली. १८६१ ते १८९१ च्या शिरगणत्या मात्र आगीत गेल्याच नाहीत, त्या सरकारनेच नष्ट केल्या. शेवटच्या दोन तर पहिल्या महायुद्धात रद्दी म्हणून लगद्यात गेल्या. पण कॅथलिक पॅरिशच्या वह्या चर्चमध्येच होत्या म्हणून वाचल्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने साधारण १८८० पर्यंतच्या वह्यांची पानं २०१५ पासून फुकट खुली केली आहेत. अक्षर भयंकर आणि भाषा पुष्कळदा लॅटिन; तिथे जेम्स दिसणार नाही, जॅकोबस दिसेल. पश्चिम कॉर्कच्या बऱ्याच चर्चनोंदी आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी स्थळावर नावाने शोधता येतात, तुमच्या दृष्टीने ही मोठीच सोय.

सर्वांची सरकारी जन्मनोंद १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. पणजोबा १८६० च्या आसपासचे असतील तर ते तिच्यात नसतील, पण धाकटी भावंडं असतील, आणि त्यांच्या नोंदीत बापाचं टाउनलँड, व्यवसाय आणि आईचं माहेर लिहिलेलं असतं. या पानांचे फोटोही त्याच सरकारी स्थळावर फुकट मिळतात. भावंडांची नावं ठाऊक नसली तर प्रथा मदतीला येते: पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. पणजोबांनी बॉस्टनमध्ये स्वतःच्या मुलांना दिलेली नावं क्रमाने मांडा, त्यांच्या आईवडिलांची नावं बहुधा त्यातच असतील.

जमिनीसाठी ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, म्हणजे जमिनीच्या मूल्यांकनाची सरकारी यादी, १८४७ ते १८६४ मधली. कोण कुणाची जमीन कसतो ते टाउनलँडवार छापलेलं आहे. कॉर्क-केरीत एका टाउनलँडात एकाच नावाचे चार जॉन सलिव्हन असायचे, म्हणून कंसात बापाचं नाव किंवा घराण्याचं टोपणनाव दिलेलं असतं. ते टोपणनाव नोंदवून ठेवा, पुढे आडनावापेक्षा तेच उपयोगी पडतं. त्यानंतरचे फेरफार नोंदवलेली पुस्तकंही आहेत, वेगवेगळ्या शाईने खोडून लिहिलेली. त्यांवरून शेत पुढे कुणाकडे गेलं आणि आज तिथे तुमचं कुणी आहे का याचा माग लागतो.

१९०१ आणि १९११ च्या शिरगणत्या पूर्ण उपलब्ध आहेत आणि फुकट आहेत. दोन्हींत तेच म्हातारा-म्हातारी बघितले तर दहा वर्षांत ते पंधरा वर्षांनी म्हातारे झालेले दिसतील. हसू नका, १९०९ मध्ये सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झाली होती! जन्मदाखला कुणाकडेच नव्हता, म्हणून वयाच्या पुराव्यासाठी अर्जदारांची नावं १८४१ आणि १८५१ च्या शिरगणतीत शोधली गेली. त्या शिरगणत्या नंतर जळाल्या, पण शोधाचे ते अर्ज राहिले. कुटुंबातल्या कुणी अर्ज केला असेल तर जळालेल्या पानातल्या दोन ओळी तिथे मिळतात.

एखादं भावंड ऑस्ट्रेलियाला गेल्याचं कळलं तर आधी तिकडचा मृत्युदाखला मागवा. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या दाखल्यांवर आईवडील, जन्मस्थळ, मुलं, सगळं असतं. अमेरिकन कागद त्यापुढे फार कंजूष. डीएनए चाचणी करायची तर पत्नीपेक्षा सासूबाईंची करा, त्या एक पिढी जवळच्या आहेत. पण कागदांचं काम झाल्यावर करा, नाहीतर हजार अनोळखी चुलतभाऊ घेऊन बसाल.

पासपोर्टचं उत्तर सरळ आहे. पणजोबा आयर्लंडमध्ये जन्मले एवढ्यावर पत्नीला मिळणार नाही. सासूबाईंनी तिच्या जन्माआधी परदेशी जन्मांच्या आयरिश नोंदवहीत स्वतःचं नाव घातलं असेल तरच सहसा तिला रस्ता असतो. सासूबाईंचे मात्र ते आजोबा, त्यामुळे त्या स्वतः आजही अर्ज करू शकतात. आजोबांचा जन्म १८६४ आधीचा असेल तर सरकारी दाखल्याऐवजी बाप्तिस्म्याचा दाखला लागेल, आणि तो त्या पॅरिशमधूनच मिळतो. म्हणजे गाव शोधावंच लागणार.