«डोन्ट गो ब्रेकिंग माय हार्ट»मधली लाडीगोडी नेमकी कुणाची?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्रिटिश गायक एल्टन जॉन आणि ब्रिटिश गायिका किकी डी यांचे 1976 मधले «डोन्ट गो ब्रेकिंग माय हार्ट» हे युगुलगीत ऐकताना ते दोघे एकमेकांवर भाळले आहेत असे वाटते, तसे खरोखर होते का, नसेल तर गाण्यात ती लाडीगोडी आली कुठून, आणि लोकांनी ते एवढे डोक्यावर का घेतले?

पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात देता येते: नाही. ते दोघे प्रेमात तर नव्हतेच, पण आपापल्या ओळी गाताना एका खोलीतही नव्हते. एल्टनने आपला आवाज 1976 च्या वसंतात कॅनडातील टोरांटोच्या ईस्टर्न साउंड या स्टुडिओत दिला, जिथे तो त्या वेळी «ब्लू मूव्ह्ज» या अल्बमचे काम करत होता. किकीने आपल्या ओळी नंतर लंडनमध्ये गायल्या. मध्ये अख्खा अटलांटिक महासागर होता आणि दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे एक टेप होती. त्या टेपवर किकीच्या ओळीही एल्टननेच उंच, बारीक आवाजात गाऊन ठेवल्या होत्या, हा किस्सा किकी डी यांनी स्वतः सांगितलेला आहे. म्हणजे ज्या गाण्यात पुरुष विनवतो आणि स्त्री त्याची समजूत घालते, ते गाणे पहिल्यांदा एकाच माणसाने स्वतःशीच गायले होते.

मी पुण्यात काही वर्षे ध्वनिमुद्रणाचे काम केले आहे, त्यामुळे या किश्शाकडे माझे लक्ष जरा वेगळ्या कारणाने जाते. आपल्याकडेही आता युगुलगीतातले दोन आवाज बहुधा वेगवेगळ्या दिवशी, कधी वेगवेगळ्या शहरांत घेतले जातात, आणि त्यात एक गोष्ट नेहमी दिसते. जो पहिल्यांदा गाऊन जातो त्याच्यासमोर कोणीच नसते. तो काचेकडे पाहून गातो आणि आपल्या वाट्याचे काम चोख करून घरी जातो. जो दुसऱ्यांदा येतो त्याच्या हेडफोनमध्ये मात्र समोरचा माणूस पुरता हजर असतो, त्याचा श्वास, त्याचे शब्द ओढणे, त्याचे मध्येच हसणे, सगळे काही. पहिल्याने बोलायचे असते, दुसऱ्याने ऐकून बोलायचे असते. आणि चेष्टामस्करी, लटका राग, लाडीगोडी या सगळ्या गोष्टी ऐकून बोलण्यातूनच जन्माला येतात. म्हणून माझे मत असे आहे की या गाण्यातला सगळा गोडवा मुख्यतः किकी डीचा आहे, जरी इतिहासाने त्याचे श्रेय बहुतांशी एल्टनच्या खात्यावर जमा केले असले तरी.

हे मत तपासायचे असेल तर ओळींची वाटणी पाहावी. मुखड्याची ओळ एल्टनची आहे: माझे काळीज मोडू नकोस. त्यावर किकीचे उत्तर असे, की मोडायचे म्हटले तरी मला जमायचे नाही. तो म्हणतो, माझेच मन कधी सैरभैर झाले तर? ती म्हणते, छे, तू त्यातला नाहीस. पुढे तो, ती त्याचे दार ठोठावते त्याविषयी गातो आणि ती सांगते की किल्ली तर मी तुला कधीच दिली आहे. शब्द म्हणून यात फारसे काव्य नाही, पण भूमिका पाहिल्या तर मोठी गंमत आहे. धास्तावलेला आहे तो पुरुष, आणि निर्धास्त आहे ती स्त्री. तो आर्जव करतो, ती धीर देते, आणि धीर देता देता हळूच डोळा मारते. किल्लीची ओळ हा तो डोळा. ध्रुवपदाकडे जाताना मात्र वाटणी बदलते: तो अर्धे वाक्य टाकतो आणि ती ते पुरे करते, जणू जुन्या ओळखीची माणसे एकमेकांच्या तोंडचा शब्द काढून घेत आहेत. या ठिकाणी किकीचा आवाज एल्टनच्या ओळीच्या शेवटाला असा काही चिकटतो की मध्ये सुईही जाणार नाही, आणि हे काम दुसऱ्यांदा गाणाऱ्याचेच असते, कारण पहिल्याची ओळ टेपवर कधीच कोरली गेलेली असते आणि ती आता तसूभरही हलणार नसते.

मराठी कानाला छेडछाडीचे गाणे म्हटले की गवळण आठवते. तिथे तो वाट अडवतो, माठ फोडण्याची धमकी देतो, ती खोटे खोटे रागावते, आणि नकारात होकार दडलेला असतो. तमाशातल्या सवाल-जवाबात तर दोघांपैकी एकाने दुसऱ्याला निरुत्तर करायचे असते. या इंग्रजी गाण्यात अडवणूकही नाही आणि जिंकणेही नाही. इथे दोघेही एकाच बाजूला आहेत, आणि तरीही रंगत टिकते, हे मला त्याचे सर्वांत अवघड यश वाटते.

हा घाट त्यांनी उसना घेतला होता आणि तो कुठून घेतला हे लपवलेही नव्हते. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने 1960 च्या दशकात मार्विन गे याची युगुलगीते काढली, त्यांत किम वेस्टनबरोबरची आणि मग टॅमी टेरेलबरोबरची गीते होती. एल्टन आणि त्याचा गीतकार बर्नी टॉपिन यांनी त्याच गीतांना मानाचा मुजरा म्हणून हे गाणे रचले. योगायोग असा की मार्विन आणि टॅमी यांचे 1967 मधले «एन्ट नो माउंटन हाय इनफ» हेसुद्धा दोघांनी समोरासमोर गायलेले नाही; टॅमीने आधी एकटीने गायले आणि मार्विनने आपला आवाज नंतर चढवला. तिथे ऐकून बोलणारा पुरुष होता, इथे स्त्री आहे. दोन्ही गाणी एकापाठोपाठ ऐकली तर हा फरक जाणवतो.

किकी डी मोटाउनच्या या घराण्यात उपरी नव्हती, उलट एल्टनपेक्षा तीच या घराण्याच्या अधिक जवळची होती. तिचे मूळ नाव पॉलीन मॅथ्यूज, जन्म 1947 चा, गाव उत्तर इंग्लंडमधले ब्रॅडफर्ड. किकी डी हे नाव तिला गीतकार मिच मरे यांनी दिले. 1960 च्या दशकात तिने स्वतःची गाणी काढली आणि इतरांच्या मागे कोरसमध्येही गायली. पुढे मोटाउनने करारबद्ध केलेली ती पहिली ब्रिटिश गायिका ठरली आणि 1970 मध्ये त्या कंपनीतर्फे तिचा «ग्रेट एक्स्पेक्टेशन्स» हा अल्बम निघाला. तो चालला नाही. नंतर 1973 मध्ये एल्टन व त्याच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या रॉकेट या कंपनीत ती आली, «आमुरझ» हे फ्रेंच गाण्याचे इंग्रजी रूप तिने गाजवले, आणि 1974 मध्ये «आय हॅव गॉट द म्यूझिक इन मी»ने अमेरिकेतही तिचे नाव झाले. या काळात तिचे प्रेमसंबंध एल्टनच्या वाद्यवृंदातील गिटारवादक डेव्ही जॉन्स्टन याच्याशी होते. तेव्हा एल्टन हा तिच्या दृष्टीने मित्र, मालक आणि जोडीदाराचा सहकारी असे तिहेरी नाते होते, आणि गाण्यातला तो मोकळेपणा याच घरोब्याचा आहे.

श्रेयनामावलीतही थट्टा आहे. गीतकार-संगीतकार म्हणून ‘ॲन ऑर्सन’ आणि ‘कार्ट ब्लांश’ अशी नावे छापली गेली. लंडनच्या सामान्य माणसाच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गिळला जातो, त्यामुळे ही दोन नावे सलग उच्चारली की ‘हॉर्स अँड कार्ट’, म्हणजे ‘घोडा आणि गाडी’, असे काहीसे ऐकू येते. ही एल्टन आणि बर्नी यांची टोपणनावे होती. निर्मिती गस डजन यांची, आणि तंतुवाद्यांची रचना जेम्स न्यूटन हॉवर्ड याची, जो पुढे हॉलिवूडचा नामांकित पार्श्वसंगीतकार झाला. ही तंतुवाद्ये एकदा मन लावून ऐकावीत, कारण दोघांचे संभाषण थांबते तिथे व्हायोलिने पटकन मधली जागा भरतात आणि कुठेही अवघडलेली शांतता पडू देत नाहीत. लग्नघरात दोन्हीकडच्या मंडळींना बोलते ठेवणारी एखादी आत्या असते, तसे ते काम आहे.

गाणे 21 जून 1976 रोजी एकटे, कोणत्याही अल्बमशिवाय प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये त्या वर्षीचा उन्हाळा कडक उष्म्यासाठी आणि पाणीटंचाईसाठी आजही आठवला जातो, आणि त्याच उन्हाळ्यात जुलैच्या अखेरीपासून सहा आठवडे हे गाणे तिथे पहिल्या क्रमांकावर होते. त्याला शेवटी खाली उतरवले ते ॲबा या स्वीडिश गटाच्या «डान्सिंग क्वीन»ने. अमेरिकेत ऑगस्टमध्ये चार आठवडे ते अग्रस्थानी राहिले. एल्टनचे तोपर्यंत अमेरिकेत पाच वेळा पहिल्या क्रमांकावर जाऊन झाले होते, पण मायदेशात 1972 च्या «रॉकेट मॅन»ला दुसऱ्या स्थानावर थांबावे लागले होते. ब्रिटनमधला त्याचा पहिला पहिला क्रमांक हाच, आणि एकट्याच्या नावावर तो मान मिळायला त्याला 1990 च्या «सॅक्रिफाइस»पर्यंत वाट पाहावी लागली. या गाण्याला ब्रिटनमधला गीतरचनेसाठीचा आयव्हर नोव्हेलो पुरस्कारही मिळाला.

लोक एवढे का भुलले याचे एक कारण त्या वेळच्या चित्रफितीत आहे. त्यात ते दोघे स्टुडिओत शेजारी शेजारी उभे राहून गाताना दिसतात, खांद्याला खांदा लावतात, हसतात, किंचित नाचतात, आणि पाहणाऱ्याची खात्री पटते की गाणे असेच मुद्रित झाले असणार. किकीच्या अंगात गुलाबी डंगरी आहे, चाळीस रुपयांच्या कापडाची वाटावी अशी साधी. कोणीही नटून-थटून मादक दिसण्याचा प्रयत्न करत नाही, त्यामुळे आजी आणि नात एकत्र बसून हे पाहू शकत होत्या. माझ्या मते हे गाणे ‘रोमँटिक’ म्हणून नव्हे, तर दोन माणसे मजेत आहेत हे पाहण्याच्या आनंदासाठी चालले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाच्या मुलाखतीत एल्टनने आपण उभयलैंगिक असल्याचे सांगितले, आणि पुढे तो समलिंगी असल्याचे त्याने उघडपणे मान्य केले. त्यावरून काहींनी या गाण्याला नंतर ‘लबाडी’ ठरवले. मला तो आरोप पटत नाही. युगुलगीत हे शपथपत्र नसते. आपल्याकडे संगीत नाटकांत बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांशी पुरुष नटांनी प्रणयाचे प्रवेश केले आणि प्रेक्षकांनी ते डोळे भरून पाहिले, तेव्हा कोणी नटांचे खाजगी आयुष्य पुरावा म्हणून मागितले नव्हते. गाण्याने स्वतःच हा प्रश्न पुढे हसण्यावारी नेला: एल्टनने ते ‘द मपेट शो’मध्ये मिस पिगी या बाहुलीबरोबर गायले, आणि 1990 च्या दशकात स्त्रीवेषातील कलावंत रूपॉल याच्याबरोबर पुन्हा मुद्रित केले. दोन्ही ठिकाणी विनोद चांगला आहे, पण उत्तर देणारा आवाज बदलला की गाण्याची लाडीगोडीही बदलते, ती चेष्टेकडे झुकते. मूळ गाण्यातला तो ‘छे, तू त्यातला नाहीस’ म्हणतानाचा विश्वास तिथे सापडत नाही.

या यशाची एक किंमत किकीने मोजली असे मला वाटते. तिच्या आवाजाची खरी ताकद कळायची तर «आमुरझ» ऐकावे. पण सर्वसाधारण श्रोत्याला ती आठवते ती दुसऱ्याच्या गाण्यातली ‘दुसरी’ म्हणून. 13 जुलै 1985 रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’ हा मदतनिधीचा कार्यक्रम झाला, ज्यात पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या ‘क्वीन’ने मैफल लुटली, त्याच संध्याकाळी पुढे एल्टनने किकीला मंचावर बोलावले आणि दोघांनी हे गाणे गायले. पाठोपाठ गायक जॉर्ज मायकल एल्टनचे दुसरे गाणे गायला आला, तेव्हा किकी मागे सरकून कोरसमध्ये उभी राहिली. ते चित्रण सहज मिळते. आधी पुढचे गाणे पाहा, आणि मग मागे जाऊन युगुलगीतात ती एल्टनची ओळ संपण्याच्या क्षणी काय करते ते पाहा: नऊ वर्षे टेपवरच्या आवाजाला जे उत्तर जगाने ऐकले होते, ते ती इथे त्याच्या तोंडावर देते, आणि या वेळी त्याला थांबून ते ऐकावे लागते.