जुन्या फोर्ड पिकअपने डॅलस ते डेन्व्हर जायचंय, अ‍ॅव्हरेज किती धरू आणि वाढवायला काय करू?

तुम्ही लिहिलंय की गाडी १९७८ची एफ-१०० आहे, ३०० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडर इंजिन, चार गिअर, मागे थोडं सामान, आणि नवीन कार्ब्युरेटर टाकू का, पेट्रोलच्या पाइपला लावायचे मॅग्नेट मिळतात ते लावू का. माझ्याकडे त्याच पिढीतली तेच इंजिनवाली आहे आणि रस्ताही ओळखीचा आहे म्हणून सांगतो. गॅलनला १४ ते १६ मैल धरा. म्हणजे आपल्या हिशोबात लिटरला सहा ते पावणेसात, पुण्यात काकांना सांगितलं तर ट्रक घेतलास का विचारतील, पण ४.९ लिटरचं इंजिन, ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिन कमी फिरवणारा वरचा गिअर) नाही आणि बॉडी म्हणजे हवेला सरळ भिंत, त्यामानाने हे वाईट नाहीये.

मॅग्नेटचे पैसे वाचवा. कार्ब्युरेटरचंही घाईत काही करू नका, आधीचा नीट चालत असेल तर नवीन टाकून ट्रिपच्या आदल्या आठवड्यात नवी डोकेदुखी कशाला.

खरा फरक स्पीडचा आहे. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, ताशी ५५ मैलांवरून ७० वर गेलात की तो साधारण ६२ टक्के जास्त होतो, आणि वरून तुमचा चौथा गिअर म्हणजे थेट एकास एक, त्यामुळे मागच्या अ‍ॅक्सलला ३.५० रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे साडेतीन) असेल तर ६० ला इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर फिरतं आणि ७० ला जवळपास २९००. या गाड्या बनल्या तेव्हा अमेरिकेत सगळीकडे ५५ची मर्यादा होती, १९७३च्या तेल टंचाईनंतर १९७४ ला आणली आणि १९९५ ला काढली. आता २८७ हायवेवर काही ठिकाणी ७५ चालतं आणि मागून येणारे वैतागतात, वैतागू द्या, उजव्या लेनमधून ५८-६० ने जा. माझा अनुभव असा की एवढ्यानेच गॅलनमागे दोनेक मैल वाढतात, बाकी सगळे उपाय मिळूनही तेवढं देत नाहीत. टेलगेट, म्हणजे मागची फळी, उघडी ठेवली की हवा पास होते असं बरेच जण सांगतील, ऐकू नका, बंद असली की आत हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्याच्यावरून निघून जाते.

आता एक गंमत. तुमचं मीटर बरोबर आहे का ते आधी बघा. आधीच्या मालकाने मोठे टायर घातले असतील (जुन्या पिकअपला बहुतेक घातलेले असतातच) तर ओडोमीटर कमी मैल दाखवतो आणि तुम्हाला वाटतं गाडी पेट्रोल पिते. साडेअठ्ठावीस इंचाच्या जागी ३१ इंची टायर म्हणजे नऊ टक्क्यांच्या आसपास फरक, मीटरवर १४ निघालं तर खरं १५च्या वर असतं. इंटरस्टेटवरच्या मैलाच्या पाट्या किंवा फोनचा जीपीएस, कशाशीही ताडून बघा. आणि दोन्ही वेळा टाकी एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा बंद पडेपर्यंतच भरा, नाहीतर हिशोबाला अर्थ नाही.

निघायच्या आधी एक गोष्ट मात्र नक्की करा, व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स चेक करा, म्हणजे इंजिनाच्या ओढीने स्पार्क थोडा आधी पाडणारा भाग. डिस्ट्रिब्युटरची (प्लगना ठिणगी वाटतो तो) कॅप काढायची, कार्ब्युरेटरकडून येणारी रबरी नळी कार्ब्युरेटरच्या बाजूने सोडवायची आणि इंजिन बंद असताना तोंडाने हवा ओढायची. आतली प्लेट थोडी फिरली पाहिजे आणि नळीच्या तोंडावर जीभ दाबून धरलं तर तशीच थांबली पाहिजे. फिरली नाही, किंवा फिरून हळूहळू परत आली, तर आतला पडदा फाटलाय. अशी गाडी चालते व्यवस्थित, कोणाला कळतही नाही, फक्त हायवेवर पेट्रोल जास्त खाते कारण हलक्या लोडवर स्पार्क जितका आधी पडायला हवा तितका पडत नाही. सोबत प्लगही काढून बघा, बिस्किटासारखा तपकिरी असेल तर छान, काळा कोरडा काजळीचा असेल तर मिक्श्चर रिच आहे (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) किंवा चोक, म्हणजे थंड इंजिनाला हवा कमी देणारी झडप, पूर्ण उघडत नाहीये. चोकचं तर इंजिन गरम झाल्यावर एअर फिल्टर काढून डोळ्यांनीच दिसतं, झडप उभी पाहिजे.

उंचीचं काय, तर डॅलस समुद्रसपाटीपासून चारशे-पाचशे फुटांवर, वाटेतलं टेक्सासचं अमरिलो ३६०० च्या आसपास, न्यू मेक्सिको-कोलोरॅडोच्या सीमेवरचा रॅटन पास हा घाट ७८००च्या वर आणि डेन्व्हर ५२८०. म्हणजे जाताना तुम्ही चढतच जाणार, अ‍ॅव्हरेज परतीपेक्षा कमी येणार हे धरूनच चाला. वर हवा विरळ, कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो पेट्रोल जवळजवळ तेवढंच सोडतो, मिक्श्चर रिच होतं. दोन-चार दिवसांसाठी जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) बदलायची गरज नाही, डेन्व्हरला राहायलाच जाणार असाल तर एक साइज लहान टाका. रॅटनवरून खाली उतरताना न्यूट्रल अजिबात करू नका, काही वाचत नाही आणि ब्रेक तापतात. गरम दुपारी चढावर गाडी अडखळायला लागली तर तो व्हेपर लॉक, पाइपमध्येच पेट्रोलची वाफ होते. इथले जुने लोक पेट्रोलच्या पाइपला लाकडी कपड्याचे चिमटे लावतात, माझा त्यावर विश्वास नाही, पाइप एक्झॉस्टपासून लांब बांधलाय ना एवढं बघा.

पैशाचं म्हणाल तर ८०० मैल धरले की १४ ने ५७ गॅलन आणि १७ ने ४७, गॅलन तीन डॉलरला धरला तर फरक तीसेक डॉलर. त्यासाठी गाडीत शंभर-दोनशे डॉलर घालण्यात काय हशील? माझ्या मते बघायचं ते हे की एका टाकीत किती जाते, कारण अमरिलोच्या पुढे वारा समोरून किंवा डावीकडून लागला की १५ देणारी गाडी १२ वर येते, आणि दुपारी तो वाढतो. पॅनहँडल, म्हणजे अमरिलोच्या आजूबाजूचा टेक्सासचा उत्तर भाग, सकाळी लवकर पार करा. न्यू मेक्सिकोतल्या क्लेटनला अर्धी टाकी असली तरी भरून घ्या, पुढे रॅटनपर्यंत ऐंशीएक मैल फारसं काही नाही आणि या गाड्यांच्या पेट्रोलच्या काट्यावर मी तरी पाव टाकीच्या खाली विश्वास ठेवत नाही. दुसरी टाकी असेल तर तिचा व्हॉल्व्ह घरीच फिरवून बघा, वर्षानुवर्षं न वापरलेल्या टाकीतला गाळ हायवेवर कार्ब्युरेटरमध्ये यायला नको.