थंड गाडी हँड प्रायमर मारल्यावर लगेच सुरू होते, घाटात दम सोडते. इंजेक्शन पंप ओव्हरहॉल करावा का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: निपाणीची जुनी सहा सिलिंडरची टाटा, इनलाइन इंजेक्शन पंप (एका ओळीत, दर सिलिंडरला एक एलिमेंट). रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, पण हँड प्रायमर (लाईनीत हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) मारला की लगेच स्टार्ट. रिकामी बरी पळते, ऊस भरून तवंदी घाटाला लागली की ओढत नाही. काळा धूर नाही. मेस्त्री म्हणतात एलिमेंट (पंपात दाब तयार करणाऱ्या प्लंजर-बॅरलच्या जोड्या) गेले, पंप करून घ्या.

मी बेळगावात पंपाच्या बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) काम करतो, म्हणजे ‘करून घ्या’ म्हणण्यात माझाच फायदा आहे. तरी सांगतो, पंपाला अजून पाना लावू नका.

एलिमेंट झिजले की दुखणं उलटं दिसतं. थंड गाडी कशीबशी उठते, पण घाट चढून ढाब्यावर बंद केली की गरम इंजिन सुरू व्हायला मागत नाही. डिझेल गरम झालं की पातळ होतं आणि प्लंजर-बॅरलमधल्या झिजलेल्या फटीतून मागे निसटतं. नव्या एलिमेंटमध्ये ही फट दोन-चार मायक्रॉनची असते. तुमची गाडी सकाळी रुसते आणि प्रायमरने मानते, म्हणजे रात्रीत लाईन रिकामी होते. डिझेल टाकीकडे परत जातं आणि त्याच्या जागी हवा येते. घाटातली ओढही तिथेच मरते. लोडला डिझेल जास्त लागतं आणि लाईन ते पुरवू शकत नाही. धूर काळा असता तर मी एअर फिल्टर, नोझल आणि टायमिंगकडे गेलो असतो. धूर नाही आणि ताकदही नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाहीये.

आता इथे बहुतेक जण फसतात. ‘लाईन कुठेच गळत नाही’ म्हणून तिला चांगली ठरवतात. टाकीपासून फीड पंपापर्यंत (हा टाकीतून डिझेल ओढून इंजेक्शन पंपाला देतो) लाईनमध्ये ओढ असते, दाब नसतो. तिथे भोक पडलं तर गाडी चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाईप कोरडा ठणठणीत दिसतो आणि आत बुडबुडे चाललेले असतात. बँजो बोल्टचे (पाईप जोडायच्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर पुन्हा पुन्हा तेच बसवलेले, चेसिसला घासून पातळ झालेला पाईप, क्लिपखाली तडकलेलं रबर, प्रायमरचं खराब सील, ही नेहमीची गिऱ्हाइकं. वायसर बदलताना सगळेच बदला, महागाची वस्तू नाही.

खात्री करायला एक सोपी युक्ती आहे. स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या, पंपापेक्षा उंच जागी घट्ट बांधा (एक्झॉस्टपासून लांब) आणि त्याचा पाईप थेट फीड पंपाच्या इनलेटला जोडा. रिटर्नही त्याच कॅनमध्ये सोडा. एअर काढा, रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी सेल्फ मारा. मग थोडा चढ चढून बघा. गाडी पूर्वीसारखी नीट चालली तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामधला, विषय संपला. रिटर्नमधून बुडबुडे येतच राहिले तर हवा फीड पंपाच्या वायसरमधून किंवा प्रायमरमधून येतेय.

टाकीही उघडून बघा. हंगाम संपला की ट्रक पावसाळाभर उभे राहतात. खानापूरकडच्या पावसात अर्धी टाकी ठेवली तर आत पाणी धरतंच. खाली गाळ साचतो, जाळी बुजते. झाकणाचा श्वास (हवेचं भोक) बंद झाला असेल तर टाकीत व्हॅक्यूम धरतो, झाकण सैल करून चालवली की लगेच कळतं. त्यानंतर फिल्टर बदला आणि ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची (जादा डिझेल परत सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) स्प्रिंग बघा. ती मेली असेल तर पंपाच्या गॅलरीत (एलिमेंटला डिझेल देणाऱ्या पोकळीत) दाबच टिकत नाही. कितीतरी पंप या एका स्प्रिंगपायी विनाकारण उघडले जातात.

एखादं सिलिंडर मिसिंग असेल तर आयडलवर एकेक हाय प्रेशर पाईपचा नट सैल करा. ज्याचा नट सैल केल्यावर इंजिनचा आवाज बदलत नाही, ते सिलिंडर आळशी. त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल, तिथेच राहिला तर पंप किंवा कॉम्प्रेशन. हात मात्र लांब ठेवा, नोझलमधून सुटणारी फवार कातडी फोडून आत जाते. आणि कॉमन रेलच्या नव्या गाडीवर हे बिलकुल करू नका, तिथला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो.

एवढं करून पंपच निघाला तर? डिपस्टिक बघा. ऑईलची पातळी वाढलीय आणि त्याला डिझेलचा वास येतोय, म्हणजे एलिमेंटमधून डिझेल कॅम चेंबरमध्ये आणि तिथून इंजिनमध्ये उतरतंय. अर्थात फीड पंपाच्या स्पिंडलमधूनही ते उतरू शकतं, आधी तो पाहून घ्या, स्वस्तात सुटाल.

पंप रूमला (पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपला) पंप दिला तर समोर बसून एक गोष्ट बघा. एलिमेंट धुऊन प्लंजर थोडा बाहेर ओढायचा आणि बॅरल तिरपं धरायचं. चांगला प्लंजर स्वतःच्या वजनाने संथ उतरतो. धपकन पडला तर झिजलाय, मध्येच अडकला तर गंज किंवा ओरखडा आहे. मग तो उजेडात फिरवा. हेलिक्सच्या (प्लंजरवरच्या तिरप्या खाचेच्या) कडेजवळ, पोर्टच्या (बॅरलमधल्या डिझेलच्या भोकाच्या) समोर, आरशासारख्या पॉलिशवर राखाडी, निस्तेज पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे घाणेरड्या डिझेलने घासलेली जागा. एका बॅरलचा प्लंजर दुसऱ्यात घालणाऱ्या माणसाकडून पंप उचला आणि घरी या. बदलायचेच तर सगळे एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह एकदम बदला.

डिलिव्हरी होल्डर टॉर्क पान्यानेच आवळायचे. जास्त आवळले की बॅरल ताणलं जातं आणि रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) जड होतो. जुळणी झाल्यावर रॅक बोटाने ढकलून बघा, लोण्यासारखा सरकला पाहिजे. मग बेंचवर फेजिंग, म्हणजे एकामागून एक इंजेक्शनमधलं अंतर जुळवणं: सहा सिलिंडरच्या पंपात दोन इंजेक्शनमध्ये ६० अंश, फरक अर्ध्या अंशाचा चालतो. त्यानंतर आयडल, फुल लोड, स्टार्टिंग आणि गव्हर्नर कट-ऑफ, प्रत्येकाचं रीडिंग. हे कागदावर मागा, ‘आधी’चं आणि ‘नंतर’चं, दोन्ही. ‘रीडिंग कोड्री’ (कानडीत ‘रीडिंग द्या’) म्हटलं तरी चालतं, आमच्याकडे बेंचवरची पोरं तेच बोलतात. पंपाच्या प्लेटवरचा पूर्ण नंबर त्यांना द्या, टेस्ट प्लॅन त्यावरूनच निघतो. पंप मायकोचा असू शकतो. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तरी आमच्यासाठी ती मायकोच.

‘ऊस जास्त भरतो, जरा डिझेल वाढवून दे’ असं मात्र सांगू नका. सील लावलेला डिझेलचा स्क्रू फिरवला की चार दिवस गाडी पळते, मग काळा धूर आणि शेवटी पिस्टन.

परत बसवताना टायमिंग नुसत्या खुणेवर सोडू नका. पहिलं सिलिंडर कॉम्प्रेशनला आणा, त्याचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून वाकडी नळी लावा, स्टॉप लिव्हर चालू स्थितीत ठेवून प्रायमर मारत इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच हळू फिरवा. धार तुटून थेंब पडायला लागले की तो स्पिल पॉइंट. तो किती अंशांवर पाहिजे हे इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या, शेजारच्या गाडीवरून नको. पुढे गेलात तर पाव फेरा मागे येऊन पुन्हा पुढे या, नाहीतर गिअरचा बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) फसवतो.

कॅनवर गाडी सकाळी कशी उठली ते कळवा, आणि प्लेटचा नंबरही लिहा.