अब्दागिरी म्हणजे काय? दादागिरीशी काही नातं आहे का?

अंबाबाईच्या पालखीच्या वर्णनात 'चोपदार, मोर्चेल, अब्दागिरी' असं वाचून तुम्ही विचारलंय, ही दादागिरीसारखीच कुठली 'गिरी' का?

नाही. शाळेत असताना मलाही तसंच वाटायचं. मूळ फारसी शब्द 'आफताबगीर'. आफताब म्हणजे सूर्य आणि गीर म्हणजे पकडणारा, धरणारा. जहांगीर म्हणजे जग काबीज करणारा, त्यातला हा गीर. आपण 'दिलगीर आहे' म्हणतो त्यातही तोच. बोलता बोलता आफताबगीरचा अबदागीर झाला आणि पुढं अब्दागिरी.

वस्तू म्हणजे उंच दांड्यावर बसवलेला पिंपळपानासारखा चपटा पंखा. मखमलीचा, जरीकाम केलेला, कडेनं झालर. छत्र डोक्यावर धरतात, ही बाजूनं धरायची, जिकडून ऊन येईल तिकडून.

अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त हिचं वर्णन केलंय: लंबगोल, गजभर लांबीची, भरजरी कापडानं मढवलेली. तिथं हा मान फक्त बादशहाचा. मराठेशाहीत मात्र तो सरदारांपर्यंत आला. पेशवाईत पालखी-अबदागिरीसाठी वेगळी नेमणूक, म्हणजे रोख रक्कम मिळायची. कारण सरळ आहे, पालखी दिली की भोई पोसायचे आले, अबदागीर दिली की ती धरणारा माणूस, म्हणजे अबदागिऱ्या आला. म्हणून जुन्या कागदात 'अमक्यास अबदागीर दिली' असं दिसलं तर छत्रीची भेट समजू नका. त्याचा दर्जा वाढला, असं वाचा.

आता सरदार गेले, मान देवाकडं राहिला. गंमत बघा, अंबाबाईची पालखी निघते शुक्रवारी रात्री. ऊन औषधालाही नसतं, तरी उन्हाचा हा आडोसा लवाजम्यात हवाच!

आमच्या गल्लीतल्या देवळाच्या पालखीत एकदा मी ती धरली होती. वजन सगळं वरच्या टोकाला, त्यात कोपऱ्यावर वारा शिरला की पान शिडासारखं फिरतं. मिरवायला मिळणार म्हणून हौसेनं पुढं झालो होतो, तालमीच्या वळणापर्यंत दंड भरून आले, आणि शेजारचा मामा म्हणाला, "दांडा पोटाशी धर की, झेंडा हाय व्हय तो?"